छोटा डेस्कटॉप घ्यायचाय : पत्रिका, स्मरणिका, थोडं व्हिडिओ (अंबाजोगाई)

पत्रिकावाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

अंबाजोगाईत माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, एखाददुसरा दिवाळी अंक, पुस्तकांची मुखपृष्ठं, आणि निवडणूक लागली की फ्लेक्स. आतापर्यंत भाड्याचं दुकान होतं. भाडं वाढलं, गिऱ्हाईक सगळं मॅटर व्हॉट्सॲपवरच पाठवायला लागलं, म्हणून दुकान सोडून घरातल्या दहा बाय आठच्या खोलीत बसायचं ठरवलंय. त्या खोलीत शिलाई मशीन आहे, ज्वारीच्या दोन कोठ्या आहेत. जुना टॉवर ठेवला तर मी मावत नाही.

जुनं मशीन : चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. स्मरणिकेची फाइल तीस पानांच्या वर गेली की सेव्हला टाकून मी कुकर लावून येते.

बजेट ७० हजार, मॉनिटर धरून. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, ॲपलचा मॅक मिनी घे डोळे झाकून. पुतण्या लग्नांचं शूटिंग करतो, तो म्हणतो, काकू, माझं मिक्सिंगपण (व्हिडिओ एडिटिंग) त्याच्यावर होईल असं बघा. दोघांचं ऐकून डोकं गरगरायलंय. काय घेऊ?

सध्या_पुण्यात

भाचा बरोबर सांगतोय. एम-४ चिपचा मॅक मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा १६ जीबी मेमरी, २५६ जीबी स्टोरेजचं मॉडेल ५९,९०० ला होतं. पाच इंच बाय पाच इंच, दोन इंच उंच. आपला जेवणाचा डबा त्याहून मोठा असतो. नुसता चालू असताना चारेक वॅट खातो, पूर्ण ताणला तरी ६५ च्या आसपास. फोटोशॉप, इनडिझाइन लोण्यासारखं चालतं. एकच खोड : पॉवरचं बटण तळाला दिलंय, चालू करायला डबा तिरका करावा लागतो. पण तो बंद करतंय कोण!

मांजराकाठ

बंद करायला महावितरण आहे की.

गोदाकाठ

पुणेकर, ५९,९०० नुसत्या डब्याचे. कीबोर्ड, माउस, मॉनिटर वेगळे. जुन्या पेनड्राइव्हचं चौकोनी भोक एकही नाही, सगळी टाइप-सी, म्हणजे गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन आलं की हब शोधा. ५१२ जीबीचं मॉडेल तेव्हा ७९,९०० ला होतं, म्हणजे २५६ जीबी वाढवायला वीस हजार. बाहेरून एसएसडी लावता येते हे मान्य. पण मेमरी पहिल्या दिवशी घेतली तेवढीच, नंतर वाढत नाही.

ताईंना माझे तीन प्रश्न. मराठी टाइपिंग कशात करता? फॉन्ट युनिकोड की जुने? आणि प्रेसवाल्याला फाइल कशात देता? याची उत्तरं आल्याशिवाय कुणी डब्याचं नाव घेऊ नये असं माझं मत. (मी नांदेडला आठ वर्षं हेच भोगलंय.)

पत्रिकावाली

गोदाकाठदादा, बरं विचारलंत.

टाइपिंग श्री-लिपी सॉफ्टवेअरमध्ये, टाइपरायटरच्या कीबोर्डवर. त्याचं डोंगल आहे (ही यूएसबीची किल्ली लावल्याशिवाय ते चालतच नाही), गळ्यात घालावं असं जपते. फॉन्ट सगळे जुने. पत्रिका कोरलमध्ये, प्रेसला कर्व्ह करून (अक्षरांची चित्रं करून) देते, कारण त्यांच्याकडं जुनं कोरल आहे. स्मरणिका आधी पेजमेकरमध्ये करायचे, आता इनडिझाइनमध्ये. पंधरा वर्षांचा माल आहे माझ्याकडं. शाळावाले दरवर्षी येतात नि म्हणतात, "मागच्याचंच उचला, फक्त मुख्याध्यापकांचा फोटो बदला."

खिळेजुळारी

मी संभाजीनगरला शिशाच्या खिळ्यांपासून सुरुवात केली. मग ट्रेडल, मग ऑफसेट, मग कॉम्प्युटर. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

मुली, तुझा खरा ऐवज ते मशीन नाही. तुझा ऐवज म्हणजे त्या पंधरा वर्षांच्या फाइली. त्या जिथं उघडतील ते मशीन तुझं. जिथं उघडणार नाहीत ते कितीही चपळ असलं तरी शेजाऱ्याचा घोडा.

जुन्या फॉन्टची गंमत समजून घे. त्यात 'क' हा खरा 'क' नसतोच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की खाली अगम्य इंग्रजी. युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च असतो, मग फॉन्ट कुठलाही असो. ते फॉन्ट मॅकवर चढतीलही, पण ते टाइप करून देणारं तुझं सॉफ्टवेअर आणि डोंगल विंडोजचं. कुणी म्हणेल मॅकमध्येच विंडोज चालवा. नवीन मॅकची चिप एआरएम जातीची, त्यात विंडोजही त्याच जातीचं बसतं, आणि त्याला ड्रायव्हरही त्याच जातीचा लागतो. जुन्या डोंगलचा तसा ड्रायव्हर कुठून आणणार?

पेजमेकरचं आणखी वेगळं. त्याची शेवटची ७ नंबरची आवृत्ती २००१ सालची. त्या फाइली इनडिझाइन सीएस-६ पर्यंत उघडायच्या, पुढच्या इनडिझाइननं ते दार बंद केलं. म्हणून सीएस-६ असलेलं एक जुनं मशीन मी अजून बाळगून आहे. सून म्हणते भंगारात द्या. मी म्हणतो, मग मलाही द्या.

बालाघाट

काकांना दंडवत.

पत्रिकावाली ताई, नवीन घेण्याआधी एक करा. जुन्या मशीनवर ती सगळ्यात जड स्मरणिका उघडा, टास्क मॅनेजर बाजूला ठेवा, सेव्ह दाबा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यातलं कोणतं शंभराला टेकतं ते इथं लिहा. दवाखान्यात गेल्यावर आधी ताप मोजतात, मग गोळी.

परभणीचा_मिक्सर

जगात जर्मनी, भारतात परभणी! आमच्याकडून पण ऐका.

ताई, पुतण्या मिक्सिंग कशात करायलाय ते विचारा आधी. आपल्या इकडं निम्म्याहून जास्त लॅब एडियसवर चालतात, अन् एडियस फक्त विंडोजवर. मॅकवर येतच नाही, विषय संपला. तो दाविंची रिझॉल्व्हवाला असंल तर मॅक लई भारी, मी स्वतः बघितलंय.

दुसरं, हिशोब करा. फोर-केचं रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसनं केलं तर तासाला ४५ जीबी. हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन कॅमेरे, एकेकाचे सहा तास धरले तर ८१० जीबी. एका लग्नाचे! अन् तिथी दाट असली की आठवड्यात तीन लग्नं. २५६ जीबीत काय, नुसती वरात मावंल.

तिसरं, गरमी. आमच्याकडं मेमध्ये ४३-४४ ठरलेलं. माझी लॅब पत्र्याखाली. ॲपलवाले मॅक मिनीला खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सांगतात. पस्तीस तर आमच्याकडं रात्री जेवताना असतं.

सध्या_पुण्यात

मिक्सरभाऊ, ३५ च्या वर गेलं की तो फुटत नाही हो. पंखा जोरात फिरतो, वेग थोडा कमी करतो. बाकीच्या छोट्या डब्यांचंही तेच. उलट कमी वॅट खाणारा कमीच तापणार.

परभणीचा_मिक्सर

फुटतंय म्हणलं का मी? रेंडरला तासाच्या जागी दीड तास लागला अन् पोरीचा बाप दारात उभा असला म्हणजे कळतं. बाकी तुमचं बरोबर, कमी खाणारं कमी तापतं.

अन् कूलरचं वारं थेट मशीनवर घेऊ नका कुणी. ओल धरून बोर्डाला हिरवं चढलेलं मी दोनदा बघितलंय. मशीन कूलरच्या आडव्या अंगाला ठेवायचं, समोर नाही.

पत्रिकावाली

बालाघाटदादा, केलं. १४८ पानांची स्मरणिका उघडली. सेव्ह दाबल्यावर डिस्क १००, दोन मिनिटं तिथून हललीच नाही. मेमरी ८ पैकी ७.६. प्रोसेसर मात्र वीस-पंचवीसच्या पुढं गेला नाही. म्हणजे काय समजायचं?

पुतण्याला विचारलं. एडियसच. आणि त्याला "आरटीएक्स" (ग्राफिक कार्ड) पाहिजे म्हणतो.

बालाघाट

म्हणजे तुमचा बैल धडधाकट आहे, गाडीची चाकं रुतलीत. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर टाकतं, डिस्क आधीच दमलेली, मग सगळंच ठप्प. त्या जुन्या टॉवरला एक साधी साटा एसएसडी बसवा आणि ८ जीबीची आणखी एक पट्टी टाका. चौथ्या पिढीला डीडीआर-३ लागते, जुन्या बाजारात मिळते. दुसऱ्या दिवशी तुम्ही इथं येऊन म्हणाल, नवीन कशाला घेऊ?

गोदाकाठ

बालाघाटशी सहमत, पण अर्धाच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, चौथ्या पिढीवर ते अधिकृतपणे बसत नाही. जे मशीन बँकेचं, मेलचं, गिऱ्हाइकाचे पेनड्राइव्ह घेण्याचं, ते असं उघडं ठेवू नये. मी असतो तर : जुन्यात एसएसडी टाका, इंटरनेटची वायर काढा, जुन्या फाइलींपुरतं ठेवा. रोजच्या कामाला छोटं नवीन.

आणि पुतण्याचं लफडं त्यात मिसळू नका.

उदगीरकर

मिसळू नका याला +१. काकूच्या पैशात पुतण्याचा आरटीएक्स, ही आपल्याकडची जुनी एकत्र कुटुंब पद्धत आहे. 😀

पत्रिकावाली

😀 मंजूर. पण तो लग्नात माझ्या पत्रिकाही खपवतो, हे लक्षात असू द्या.

परभणीचा_मिक्सर

पुतण्याला निरोप द्या : छोट्या डब्याचा हट्ट मिक्सिंगला करायचा नाही. एक लिटरच्या डब्यात मोठं ग्राफिक कार्ड बसतच नाही. त्यानं टॉवरच बांधावा, सावकाश. कार्ड घ्यायच्या आधी कॅमेऱ्यात काय रेकॉर्ड करतो ते बघावं. नव्या सोनी-कॅननमध्ये १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक जड प्रकार) निघतंय. ते हार्डवेअरवर सोडवायला एनव्हिडियाचं ५० मालिकेचं, म्हणजे २०२५ पासूनचं कार्ड लागतं. ४० मालिकेचं महागातलं घेतलं तरी ते जमत नाही. उलट इंटेलच्या प्रोसेसरातलं आतलंच ग्राफिक अकराव्या पिढीपासून ते करतंय. माझ्या एका दोस्तानं लाखाच्या वर घालवून टाइमलाइन अडकतीच म्हणून डोकं धरलं होतं. प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) करून दिल्यावर शांत झाला.

मांजराकाठ

छोटा डबा छोटा डबा चाललंय, पण बाजारात आहे तरी काय काय ते एकदा कुणी सांगा. माझंही फोटो अल्बमचं काम आहे लातूरला.

गोदाकाठ

ढोबळ सांगतो.

एक तर मॅक मिनी, त्यावर बोलणं झालंच. दुसरे मिनी पीसी. इंटेलचा एनयूसी यातला जुना खेळाडू. २०२३ मध्ये इंटेलनं अंग काढून घेतलं, आता असुस तो चालवतं. त्याच आकारात चिनी कंपन्यांचे रायझनवाले डबेही ऑनलाइन मिळतात, ताकद चांगली, पण बिघडला तर सर्व्हिस सेंटर कुठं हे घेण्याआधी विचारा. नांदेडहून पार्सल करायचं आणि महिनाभर वाट बघायची, तोवर काम कशावर करणार?

तिसरा आणि माझ्या आवडीचा : ऑफिसातून निघालेले एक लिटरचे डबे. लेनोवोचा टायनी, डेलचा मायक्रो, एचपीचा मिनी. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी हजारोंनी बदलतात, ते रिफर्बिश्ड होऊन येतात. आत साध्या लॅपटॉपच्या रॅमच्या दोन जागा, एम-टू एसएसडीची जागा, बऱ्याच मॉडेलांत अडीच इंची डिस्कचीही. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'टी' असतो, म्हणजे ३५ वॅटचा. १२५००-टी मिळाला तर सहा कोर, बारा थ्रेड, वर सांगितलेलं ४:२:२ वालं ग्राफिकही आत. आठव्या पिढीच्या खाली मात्र फुकट दिला तरी नको, विंडोज ११ चं कारण वर आलंच आहे.

रॅम घेताना घाई करा असं मी कधी म्हणत नाही, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांना माल जातोय. त्यामुळे डब्यात आधीच १६ असलेला मिळाला तर तो पाहा.

खिळेजुळारी

लातूरच्या अल्बमवाल्यांसाठी हिशोब. तुमची १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० गुणिले १०८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख ठिपके. साध्या आठ-बिट आरजीबीत एक लेयर ११७ एमबी. नवरा-नवरीचे सहा फोटो, पार्श्वभूमी, फुलं, सावल्या धरून पंधरा लेयर झाले की पावणेदोन जीबी एका शीटला, आणि मागं घेण्याच्या पायऱ्या वेगळ्या. १६ जीबीत होतं, दोन-तीन शीट एकदम उघडल्या की घाम फुटतो. ३२ असेल तर निवांत.

फ्लेक्सला उगीच ३०० डीपीआय धरणारी पोरं मी पाहतो. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ ला केला तरी सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) सहाशे एमबीच्या घरात जातो. रस्त्यावरून बघणाऱ्याला दाढीचे केस मोजायचे नसतात. पुढाऱ्यालाही नसतात, त्याला फक्त आपला फोटो वरच्या साहेबांपेक्षा बारीक नको असतो.

आणि मुली, तू अंबाजोगाईची. तुमच्या गावात दासोपंतांनी भल्या मोठ्या कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, सोळाव्या-सतराव्या शतकात. मोठ्या साइजच्या कामाची परंपरा तुमच्याच गावची. रॅम किती होती विचारू नकोस.

मांजराकाठ

काका 🙏

उदगीरकर

विजेचं कुणी बोललं नाही अजून. अख्ख्या मराठवाड्याचा धागा आणि विजेवर ओळ नाही!

टॉवर आणि कार्ड मिळून दीड-दोनशे वॅट जायचे. ३५ वॅटवाला डबा आणि २४ इंची मॉनिटर मिळून ऐंशीच्या आत. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर फाइली सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ सहज मिळतो, बॅटरी नवी असेल तर. घरच्या इन्व्हर्टरवर टाकायचं असेल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे का बघा, आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर करा. 'नॉर्मल'वर ठेवलं की लाइट गेल्यावर बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट मारतो. आमच्याकडं पाच वर्षं मी कॉम्प्युटरला दोष दिला, बटण मागं होतं.

पण यूपीएस मोडला व्होल्टेज जरा खाली-वर झालं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि लाइट असूनही बॅटरी उतरते. त्यामुळे मी कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस आणि घराला इन्व्हर्टर नॉर्मलवर, असं ठेवलंय.

आणि अर्थिंग. अवकाळीत वीज कडाडते तेव्हा प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. माझ्या एका मित्राचं मशीन प्लगमधून नाही, इंटरनेटच्या वायरीतून गेलं.

सध्या_पुण्यात

बरं, मॅकची बाजू मी सोडतो. ताईंच्या डोंगलपुढं माझा इलाज नाही. पण जे आज नव्यानं सुरू करताहेत, युनिकोडमध्येच काम करताहेत, त्यांनी हा धागा वाचून मॅकला घाबरू नये. मी सगळं युनिकोडमध्ये करतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर लावला की जोडाक्षरं नीट जुळतात. न लावता लोक म्हणतात, मॅकवर मराठी तुटतं.

खिळेजुळारी

हे पोरगं शहाणं आहे. मुली, हळूहळू तूही युनिकोडकडं चल. नवीन कामं त्यात, जुनी जुन्यात. 'मुक्ता'सारखे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. फक्त दोन गोष्टींवर डोळा ठेव. जुन्याचं युनिकोडमध्ये रूपांतर केलंस की 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला 'ऱ्या' बिघडतो, तो शोधून बदलावा लागतो. आणि पुष्कळ फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' आधी हिंदी वळणाचे येतात. फॉन्टमध्ये मराठी वळण असेल तर भाषा मराठी निवडल्यावर ते येतं. आपली म्हातारी माणसं पत्रिका हातात घेऊन "काहीतरी खटकतंय" म्हणतात ना, त्यांना हेच खटकतं.

बालाघाट

मॉनिटरचं राहिलं. ताई, डब्यात वाचवा, मॉनिटरात घाला. आयपीएस पॅनेल, एसआरजीबी शंभर टक्के लिहिलेलं, २४ किंवा २७ इंच. गेमिंगचा वक्र, चमचमणारा नको. ब्राइटनेस खाली आणून काम करा. शंभरावर ठेवून केलेली पत्रिका छापून काळवंडलेली येते, आणि भांडण प्रेसवाल्याशी होतं.

पत्रिकावाली

महिन्याभरानं येतेय. लग्नसराई होती, मान वर करायला सवड नव्हती.

आधी बालाघाटदादांचं ऐकून जुन्या टॉवरला एसएसडी आणि रॅमची पट्टी टाकून घेतली. तीच १४८ पानांची स्मरणिका, सेव्ह दाबलं, कुकरसाठी उठले, आणि परत बसले. झालं होतं सेव्ह! मी चिडले की आनंदले ते सांगता येत नाही. चार वर्षं कुकर लावलेत मी त्या मशीनच्या नादानं.

तरी नवीन घेतलंच, विंडोजच्या कारणानं. गोदाकाठदादांनी सांगितलेला एक लिटरचा डबा, १२५००-टी, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी. रिफर्बिश्ड, ऑनलाइन मागवला, साडेबत्तीस हजार. मॉनिटर २७ इंची आयपीएस. यूपीएस धरूनही सत्तरच्या आत बसलं.

आता गंमत ऐका. खोकं उघडलं, सगळं जोडायला घेतलं तर डब्याला एचडीएमआयचं भोकच नाही! दोन वेगळीच चपटी भोकं. विक्रेत्याला फोन लावला, तो म्हणतो, "मॅडम, डीपी केबल लागेल." मी म्हटलं, "आमची डीपी मागच्याच आठवड्यात बदललीय." तो गप्प. मी गप्प. यजमान मागून म्हणाले, लाइनमनला बोलवू का?

उदगीरकर

😂😂 मेलो. आमच्याकडं डीपी म्हणजे चौकातला ट्रान्सफॉर्मर, दुसरी डीपी आम्हाला माहीत नाही.

गोदाकाठ

चूक माझी, सांगायला पाहिजे होतं. ऑफिसच्या बऱ्याच डब्यांना नुसतं डिस्प्लेपोर्टच (डीपी) असतं. वाय-फाय तरी आहे का? बऱ्याच डब्यांत तेही काढलेलं किंवा मुळातच नसतं.

पत्रिकावाली

नाही ना! जाहिरातीत एक अक्षर नव्हतं त्याचं. परत पाठवायचा विचार केला, पण लग्नाच्या अकरा पत्रिका अंगावर होत्या. पुतण्यानं यूएसबीचं छोटं वाय-फाय आणून लावलं आणि वर ऐकवलं, "काकू, मला विचारलं असतं तर." केबल लातूरहून आली, एसटीत ओळखीच्या कंडक्टरच्या हाती.

बाकी उत्तम. डबा मॉनिटरच्या मागं पट्टीनं अडकवलाय, टेबलावर कात्री आणि शिलाईचे दोरेसुद्धा ठेवता येतात. डोंगल पहिल्या दिवशी ओळखलंच नाही, जीव घशात आला. ड्रायव्हर नव्यानं टाकल्यावर ओळखलं. उन्हाळ्यात दुपारी बारीक शिट्टीसारखा पंखा वाजतो, पण काम अडत नाही. ३२ जीबी पुढं करीन, आता भाव ऐकून गप्प बसले. जुना टॉवर ज्वारीच्या कोठीवर चढवलाय, नेटची वायर काढून. मागच्या स्मरणिका तिथून उचलते.

पुतण्याला टॉवरसाठी दहा हजार दिले. उसने. उदगीरकर, हसू नका.

परभणीचा_मिक्सर

बघा ताई, पंख्याची शिट्टी वाढली तर समजायचं जाळीत धूळ बसली. सहा महिन्याला उघडून ब्लोअर मारायचा, पण पंखा बोटानं धरून, फिरू द्यायचा नाही. त्या डब्यातली जाळी लई बारीक असते, कापसाच्या दिवसात तर दोनदा मारा. तुमच्या खोलीत शिलाई मशीन आहे म्हणता, मग चारदा.

पत्रिकावाली

लिहून ठेवलं.

खिळेजुळारीकाका, एक विनंती. पहिल्यांदाच एक अख्खी स्मरणिका युनिकोडमध्ये केलीय, ९६ पानं. 'ऱ्या' सगळे शोधून बदलले, दोनशेच्या वर निघाले. पीडीएफ तुम्हाला निरोपातून पाठवलीय. छपाईच्या प्लेटला जायच्या आधी एक नजर टाकाल का? मुदत सोमवारची आहे.

खिळेजुळारी

पाहिली. रात्री दोनपर्यंत बसलो, सून ओरडली.

पान ३१, डावा रकाना, मथळ्यातल्या 'शाळा'चा 'श' हिंदी वळणाचा राहिलाय. तो मथळा तू दुसरीकडून चिकटवलेला दिसतोय, त्याची भाषा हिंदीच आहे. पान ५८ ला संस्थापकांच्या फोटोखाली विद्यमान अध्यक्षांचं नाव आलंय, ते आधी बदल. बाकी प्लेटला सोड.